बोरघाटातली न मोजलेली माणसं

तुंगार्ली गाव मागे टाकून राजमाचीची वाट धरली, की धरणाच्या वरच्या अंगाने सह्याद्रीच्या कडेकडेने जाता येतं. डावीकडे खाली उल्हास नदीचं खोरं पसरलेलं दिसतं. मागे खंडाळ्याच्या बाजूला वळून पाहिलं, तर कड्याच्या अंगावरून बोगद्यांतून आत-बाहेर करत चढणारी रेल्वे दिसते. पावसाळ्यात मुंबई-पुण्याची हजारो माणसं याच रेल्वेने लोणावळ्यात उतरतात. ही रेल्वे बोरघाटातून चढवताना किती माणसं मेली, याचा पक्का आकडा मात्र कुणाकडेच नाही. अभ्यासकांच्या लिखाणात चोवीस-पंचवीस हजारांचा अंदाज येतो. सात-आठ वर्षांत, पंधरा-सोळा मैलांच्या पट्ट्यात झालेले हे मृत्यू आहेत. भारतीय रेल्वेच्या इतिहासावर आयुष्यभर काम केलेल्या इयान केर यांच्यासारख्या इतिहासकारालाही इथे अंदाजावरच थांबावं लागलं.

वंश, वर्ण, जमात यांवरून माणसाचं आरोग्य आणि आयुर्मान कसं ठरतं, यावर आज अमेरिकेत, ब्रिटनमध्ये, ब्राझीलमध्ये, दक्षिण आफ्रिकेत पुष्कळ संशोधन चालू आहे. त्याचं एक प्रकरण आपल्या मावळाच्या कड्यावर घडलं. एकाच कामावर, एकाच हवेत, एकाच साथीत गोरा आणि काळा माणूस यांचं काय झालं हे इथे पाहता येतं. मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो त्यातला हिशेब. कोणाचा मृत्यू नोंदवायचा आणि कोणाचा नाही, हे आजार येण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं होतं.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, हिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. पुढे देशावरचा कापूस बंदरावर आणायचा, तर सह्याद्री ओलांडणं भाग होतं. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी वर्षानुवर्षं मोजणी करून बोरघाटाचा मार्ग आखला आणि जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झालं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत १,८३१ फुटांची चढण होती आणि काही ठिकाणी चढ ३७ फुटांना एक फूट इतका खडा होता. २५ बोगदे आणि ८ मोठे कमानी पूल बांधायचे होते. सगळा दगड काळा बसाल्ट. यंत्रं नव्हतीच. पहारीने आणि छिन्नी-हातोड्याने भोक पाडायचं, सुरुंगाची दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि पळायचं. काही कड्यांवर पाय ठेवायलाही जागा नव्हती. तिथे माणसं दोराने खाली सोडत आणि ती लोंबकळतच खडकात भोकं पाडत.

घाटाच्या वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची रेल्वे जून १८५८ मध्येच सुरू झाली होती. पुढची पाच वर्षं प्रवासी खोपोलीला उतरून पालखीत, डोलीत किंवा गाडीत बसून घाट चढत आणि वर पुन्हा रेल्वेत बसत. चढताना त्यांना बाजूला सुरुंगाचे आवाज येत असणार आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायकांच्या रांगा दिसत असणार.

कामावर माणसं किती होती, ते ठाऊक आहे. दोन हंगाम रोज १०,८२२ भोकं पाडणारे आणि २,६५९ गवंडी कामावर असत. जानेवारी १८६१ मध्ये एकूण संख्या ४२,००० वर गेली होती. हे आकडे इतके नेमके मिळतात, कारण हजेरीपटाशी पैशाचा संबंध होता. कोकणातून आणि देशावरून कुणबी आले, महार, मांग, चांभार आले, दगडकामाला वडार आले. आसपासच्या डोंगरांत कातकरी, ठाकर आणि महादेव कोळी पिढ्यानपिढ्या राहतच होते. बायका आणि पोरंही माती-दगड वाहत होती. काम दसऱ्यानंतर सुरू होई आणि मृग लागला की थांबे, कारण या कड्यावर पाऊस असा कोसळतो की उभं राहणंही कठीण. म्हणजे ज्या महिन्यांत काम जोरात, त्याच महिन्यांत घाटात पाणी कमी. बसाल्टच्या उतारावरून पावसाचं पाणी वाहून जातं आणि चैत्र-वैशाखात झरे आटतात. काही शे वस्तीला पुरणाऱ्या पाणवठ्यांवर आता हजारो माणसं तुटून पडली. त्याच ओढ्यांच्या काठी गवता-पाल्याच्या झोपड्या, तिथेच भांडी, तिथेच कपडे, आणि शौचाला तोच उतार.

पटकी यायला याहून अधिक काही लागत नाही.

पटकी, म्हणजे कॉलरा, दूषित पाण्यातून पसरते, हे लंडनमध्ये जॉन स्नो यांनी १८५४ साली दाखवून दिलं होतं. पण बहुतेक डॉक्टरांचा विश्वास अजून दूषित हवेवरच होता. घाटातल्या माणसांचा विश्वास मरीआईवर होता. तिला नैवेद्य दाखवायचा, तिचा गाडा शिवेपार नेऊन सोडायचा. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. गोऱ्या डॉक्टरकडे तरी पटकीवर काय होतं? कॅलोमेल, अफू, ब्रँडी. शिरेतून मीठ-पाणी देण्याचा प्रयोग थॉमस लाटा या स्कॉटिश डॉक्टरने १८३२ मध्येच केला होता, पण तो विसरला गेला होता. औषधाच्या बाबतीत साहेब आणि मजूर जवळजवळ सारखेच निराधार होते. फरक होता तो पाण्यात, छपरात, पोटात गेलेल्या अन्नात, साथ आली की निघून जाता येण्यात आणि निघून गेल्यावरही पगार चालू राहण्यात. आरोग्यातली विषमता म्हटलं की आपण लगेच दवाखाने आणि डॉक्टर मोजू लागतो. बोरघाटात ती दवाखान्याच्या दारापर्यंत पोचण्याआधीच पुरी झालेली होती.

साथ आली की माणसं काम टाकून गावाकडे पळत. तेव्हा थकलेली मजुरी बुडे, आणि आजार कधीकधी त्यांच्याबरोबर गावात जाई. ही थकलेली मजुरीच पुढे स्फोटाचं कारण झाली. घाटाचं पहिलं कंत्राट विल्यम फेव्हिएलकडे होतं. मुंबई-ठाणे मार्गाचं कामही त्याच्याच कंपनीने केलं होतं. त्याच्या हाताखाली युरोपीय पोटकंत्राटदार आणि देखरेखीचे साहेब, त्यांच्याखाली मुकादम, मुकादमाखाली टोळी. पैसा या उतरंडीवरून खाली येता येता झिरपत जाई, कधी महिनोन्महिने येतच नसे. २० जानेवारी १८५९ रोजी मजुरांचा संयम संपला. त्यांनी गोऱ्या देखरेखदारांवर हल्ला केला आणि त्यात एक युरोपीय ठार झाला. मग सरकार हललं, चौकशी बसली. फेव्हिएलने त्याच वर्षी कंत्राट सोडलं. पुढच्या वर्षी, १८६० च्या नवव्या कायद्याने, रेल्वे आणि इतर सार्वजनिक कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट सोडवावेत अशी तरतूद झाली. त्याच्या एक वर्ष आधी, १८५९ च्या तेराव्या कायद्याने, उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकण्याचा अधिकारही सरकारने घेतला होता. हा कायदा आधी मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या शहरांपुरता होता, पण तो हवा तिथे लागू करता येत असे. पटकीला भिऊन पळालेला माणूस अशा कायद्याच्या नजरेत करार मोडणारा ठरतो.

सप्टेंबर १८५९ मध्ये नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरला आणि महिना संपायच्या आत आजाराने मेला. त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट स्वतःच्या हाती घेतलं, अॅडमसन आणि क्लाउझर या दोघा अभियंत्यांना कामावर नेमलं आणि घाट पुरा केला. त्या काळात एका बाईने असं करणं ही खरोखर मोठी गोष्ट होती. घाटाच्या कामाच्या छायाचित्रांचा तिच्या नावाचा अल्बमही प्रसिद्ध आहे. बर्कली यांची प्रकृतीही इथल्या कामाने ढासळली. ते इंग्लंडला परतले आणि १८६२ मध्ये, घाट सुरू होण्याआधीच, वारले. रोगजंतूने कातडीचा रंग पाहिला नाही, हे उघड आहे. म्हणूनच पुढचा फरक जास्त बोचतो. ट्रेडवेल कधी आला, कधी गेला, त्याच्या मागे कोण होतं, कंत्राटाचं काय झालं, हे दीडशे वर्षांनंतरही सांगता येतं. बर्कलींच्या कामाचा गौरव त्यांच्या व्यवसायबंधूंनी लिहून ठेवला. दोराला लोंबकळून भोक पाडणाऱ्या एकाही माणसाचं नाव मला या सगळ्या वाचनात सापडलेलं नाही.

'तो काळच तसा होता, मजुरांचे मृत्यू कोण मोजतो,' असं कुणी म्हणेल. मोजत होते. इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि शेफील्डच्या मध्ये वुडहेडचा बोगदा १८४५ साली पुरा झाला. त्या कामावर ३२ माणसं मेली आणि १४० जबर जखमी झाली. सार्वजनिक आरोग्याचे पुरस्कर्ते एडविन चॅडविक यांनी या आकड्यांवरून हिशेब मांडला आणि दाखवलं, की इथे मरणाऱ्यांचं प्रमाण वॉटर्लूच्या लढाईत पडलेल्या सैनिकांपेक्षाही जास्त आहे. त्यावरून गदारोळ झाला आणि १८४६ मध्ये पार्लमेंटने रेल्वे मजुरांच्या स्थितीवर समिती नेमली. त्या समितीच्या शिफारशी सरकारने मानल्या नाहीत, हेही खरं. नॅव्ही म्हणून ओळखले जाणारे ते इंग्रज आणि आयरिश मजूर गरीबच होते आणि गरिबाला तिथेही न्याय मिळाला नाही. पण ३२ मृत्यूंवर पार्लमेंटमध्ये प्रश्न उभा राहू शकला. त्यानंतर दहा वर्षांनी त्याच देशातल्या भागधारकांची कंपनी, त्याच देशातले कंत्राटदार आणि त्याच शाळेत घडलेले अभियंते बोरघाटात आले. वुडहेडचा धडा बोटीतून इथवर आला नाही. इथे कंपनीला पाच टक्के परताव्याची सरकारी हमी होती आणि तूट भारतीय करदात्याच्या पैशातून भरून निघत होती. मजूर वाचवण्यावर खर्च करण्याचं आर्थिक कारणही उरलं नव्हतं.

घाट २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते खुला झाला. त्याच वर्षी लंडनमध्ये भारतातल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्यावरच्या शाही आयोगाचा अहवाल बाहेर पडला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यासाठी छावण्या-छावण्यांतून माहिती गोळा करवली होती. आयोगाने निष्कर्ष काढला, की भारतातल्या गोऱ्या सैनिकांत दर हजारी वर्षाला ६९ मृत्यू होतात. या एका आकड्याने ब्रिटनमध्ये खळबळ माजली. छावण्यांची गटारं, विहिरी आणि बराकी सुधारल्या, तीनही इलाख्यांत आरोग्य आयोग बसले, आणि सैन्याचा एक भाग डोंगरमाथ्यावरच्या थंड हवेत ठेवावा अशी शिफारस झाली. पुढच्या दशकांत सैनिकांचे मृत्यू खरोखरच घटले. मोजलं की काय घडू शकतं, याचा हा पुरावा आहे. नाइटिंगेल यांनाच पुढे उमगत गेलं, की भोवतालच्या गावांची अवस्था तशीच ठेवून छावणी निरोगी राहणार नाही. पण हे उमगेपर्यंत घाटातली माणसं जाऊन चुकली होती.

त्या काळच्या वैद्यकात एक समज पक्का रुजलेला होता: उष्ण कटिबंधाची हवा गोऱ्याला मारते, काळ्याला मानवते. एतद्देशीयांचं शरीरच या हवेला घडलेलं आहे, तेव्हा त्यांना छप्पर, पाणी, विश्रांती कमी चालते, असा त्याचा पुढचा अर्थ. आणि तरीही ते मेले, तर दोष त्यांच्या सवयींचा, त्यांच्या घाणेरडेपणाचा. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत, पण दोन्हींचा उपयोग एकाच कामासाठी होत राहिला. अमेरिकेत १८९६ मध्ये फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने काळ्या लोकांचे जास्त मृत्यू त्यांच्या वंशाच्या दुबळेपणामुळे होतात असं मोठं पुस्तक लिहून मांडलं. डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी १८९९ च्या फिलाडेल्फियाच्या अभ्यासात आणि पुन्हा १९०६ मध्ये त्याला उत्तर दिलं: घरं पाहा, पाणी पाहा, मजुरी पाहा, मग वंशाकडे बोट दाखवा. बोरघाटातल्या ओढ्याकाठच्या झोपड्यांना हे उत्तर तंतोतंत लागू पडतं.

मात्र सगळा दोष गोऱ्या साहेबावर टाकून मोकळं होता येत नाही. मुकादम आपलेच होते. गावाच्या विहिरीवर महारा-मांगांना पाणी भरू न देणारे आपलेच होते. ज्या माणसाला गावात स्वच्छ पाणी मिळत नव्हतं, त्याला घाटातल्या तळावरच्या चांगल्या पाणवठ्यावर सहज जाऊ दिलं असेल, असं मानायला मला काहीच आधार दिसत नाही. वंशाच्या उतरंडीखाली जातीची उतरंड होती आणि सर्वांत खालच्या माणसावर दोन्हींचं ओझं होतं. हे ज्यांनी स्पष्ट पाहिलं ते जोतीराव फुले. बांधकामाची कंत्राटं त्यांनी स्वतः घेतली होती आणि इंजिनिअर खात्यात मजुरांना कसं लुबाडलं जातं यावर त्यांनी लिहिलं. १८७३ साली 'गुलामगिरी' छापताना त्यांनी ती अर्पण केली अमेरिकेत गुलामगिरी नष्ट करणाऱ्या सज्जनांना. अमेरिकेतला निग्रो आणि इथला शूद्रातिशूद्र यांची दुःखं एका ओळीत ठेवणारा हा माणूस बोरघाटापासून चाळीस मैलांवर राहत होता.

घाट झाल्यावर पन्नास वर्षांनी पनामाचा कालवा पुरा झाला. तिथे अमेरिकन सरकारने मजुरांचे दोन पट ठेवले होते, एक सोन्याचा आणि एक चांदीचा. गोरे अमेरिकन सोन्याच्या पटावर. बार्बाडोस आणि जमैकाहून आलेले काळे मजूर चांदीच्या पटावर, वेगळ्या घरांत, वेगळ्या खानावळींत. डॉ. विल्यम गॉर्गस यांनी डासांचा बंदोबस्त करून पीतज्वर हटवला आणि जगाने त्यांची वाखाणणी केली. ती रास्तच होती. पण काळ्या मजुरांचा सर्वांत मोठा शत्रू तेव्हा न्यूमोनिया होता: ओले कपडे, गळकी, दाटीवाटीची घरं. १९०६ मध्ये त्यांचा मृत्युदर गोऱ्यांच्या तिपटीहून जास्त होता. अमेरिकन काळात नोंदलेल्या ५,६०९ मृत्यूंपैकी सुमारे साडेचार हजार वेस्ट इंडीजच्या मजुरांचे होते. हे आपल्याला सांगता येतं, कारण वेगळेपणाच्या हट्टापायी का होईना, तिथे दोन पट ठेवले गेले. बोरघाटात पट होता तो फक्त हजेरीचा.

घाट सुरू झाल्यावर लोणावळा झपाट्याने वाढलं. रेल्वेचं इंजिन शॉप आलं. युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कर्मचाऱ्यांसाठी बंगले, चर्च आणि शाळा उभ्या राहिल्या. वाफेच्या इंजिनांसाठी भुशीचं धरण बांधलं गेलं. ज्या डोंगरात तहानलेल्या माणसांना ओढ्याचं गढूळ पाणी प्यावं लागलं, तिथे रेल्वेच्या सोयीसाठी पाणी अडवता येतं हे सिद्ध झालं. खंडाळा-लोणावळ्याची हवा निरोगी म्हणून नावारूपाला आली आणि मुंबईचे धनिक इथे प्रकृती सुधारायला येऊ लागले. कातकरी मात्र कोळसा पाडत, मोलमजुरी करत, याच डोंगरांत राहिले. आज केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमाती विशेष असुरक्षित म्हणून नोंदल्या आहेत, त्यात कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आदिवासी आणि दलित बालकांचे मृत्यू इतरांपेक्षा जास्त दिसतात. निदान ते आता दिसतात. ब्रिटनमध्ये २०२० साली कोविडच्या पहिल्या लाटेनंतर सरकारी अहवालाने सांगितलं, की वय, गरिबी वगैरे लक्षात घेऊनही बांगलादेशी वंशाच्या लोकांना मृत्यूचा धोका गोऱ्या ब्रिटिशांच्या सुमारे दुप्पट होता. आपल्याकडे त्याच साथीत सरकारी मोजणीत जात-जमातवार मृत्यू आले नाहीत.

१९ जुलै १८६७ रोजी ऐन पावसात घाटातला माऊकीमळीचा कमानी पूल कोसळला. कंपनीने आणि सरकारने लगेच चौकशी केली. चुना कसा होता, दगड कसे बसवले, कंत्राटदाराने कुठे काटकसर केली, इतर पूल किती सुरक्षित आहेत, हे सारं तपासलं गेलं. अनेक पूल नव्याने बांधले गेले. त्या पुलांखाली गेलेल्या माणसांची तशी चौकशी व्हायची राहिली आहे. तिची साधनं अगदीच संपलेली नाहीत. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचे त्या काळचे रेल्वेविषयक दप्तर-खंड तिथे आहेत. त्यांत १८५९ च्या दंग्याचे कागद आहेत. साथीच्या दिवसांचा पत्रव्यवहारही शोधायला हवा. मावळातल्या आणि खालापूर-कर्जतकडच्या वाड्यांवर घाटात गेलेल्या पूर्वजांच्या गोष्टी अजून कुणाच्या तरी आजीला आठवत असतील. पुण्या-मुंबईच्या विद्यापीठांतून इतिहास आणि सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या मुलामुलींनी हे दोन्ही एकत्र वाचायला बसावं, आणि ते आजीचं वय पाहता लवकर बसावं.